कडुबा चालू आहे

पडेगावच्या कडुबाला आपल्या नावाचा लई अभिमान, आणि तोच शेवटी त्याच्या मुळावर आला.

झालं काय, चितेगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराचा माणूस म्हणून तो लागला, तेव्हा त्याच्याकडं कॉम्प्युटरची खोली झाडायचं काम होतं. खोलीत कपाटाएवढं मशीन नुकतंच येऊन पडलं होतं. ते मुंबईच्या हेड ऑफिसातल्या अजस्र मशीनशी जोडायचं होतं. लाइनीवर मशीनला एक छोटंसं नाव लागतं. जोडणाऱ्या इंजिनियरला घाई होती, डोक्यात काही येईना. त्यानं समोर झाडू घेऊन उभ्या माणसाकडं बघितलं.

"काय रे, नाव काय तुझं?"

"कडुबा."

इंजिनियरनं तेच ठोकून दिलं आणि मुंबईलाही तेच कळवून टाकलं. झालं बारसं!

त्या दिवसापासून कडुबा त्या खोलीतून हललाच नाही. बघून बघून मशीन चालवायला शिकला, खोलीतल्या एसीच्या गारठ्यासाठी ऐन मे महिन्यात स्वेटर घालून फिरायला लागला. क्रांती चौकातल्या टपरीवर चहा पिताना समोर कोण बसलंय हे न बघता सुरू व्हायचा. "दोन मशीनी उगं बोलत नसतात बरं का. आधी आपलं मशीन हाक मारतं, मी कडुबा. मुंबई बघती, हे नाव आपल्याकडं हाय का? असलं तर मग ठरतं, एका दमात किती बोलायचं, दोघं एकदम बोलायला लागले तर कुणी गप बसायचं. सगळं जमलं की म्हणायचं, बाइंड झालं. नाव नसलं तर दारातूनच हाकलती. तिला माझंच नाव लागतं!"

"आन् गप कोण बसतं मग?" एखादा खवचट विचारायचा.

"आपण. मुंबई बोलायली की आपण थांबायचं. त्याला इंग्रजीत लूजर म्हणतात," हे तो छाती फुगवून सांगायचा. आता काय म्हणावं या माणसाला!

बायको सरूबाई मात्र फटकळ. "मशीनला तुमचं नाव," ती म्हणायची, "आन् तुमच्या गेटपासवर नाव कुणाचं? ठेकेदाराचं. मशीन कायम झालं, तुम्ही कधी व्हनार?"

तेवढी एकच इच्छा होती बिचाऱ्याची. कायम व्हायचं. गेटपासवर कंपनीचं नाव बघायचं.

यंदा नवीन मशीन आलं. त्याच्याबरोबर ते चालवायला मोनाली नावाची पोरगी आली, ती आल्या दिवसापासून कायम. कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या इंद्रजीत साहेबांनी कडुबाच्या खांद्यावर हात ठेवला. "कडुबा, हे एकदा मुंबईशी बांधून दे. मग तुझं बघतोच." त्या हातानंच गडी पाघळला. सरूबाईला म्हणाला, "आता झालोच समज."

नव्या मशीनला साहेबांनी झकास नाव दिलं. मुंबईनं हाकललं. दुसरं दिलं, तेही हाकललं. तिकडचे लोक म्हणाले, नाव बदलायला वेळ लागेल, वर विचारावं लागेल. साहेब घामाघूम झाले. खरं तर इथंच कडुबानं तोंड शिवून बसायला पाहिजे होतं. जुन्या मशीनशिवाय काम चालत नव्हतं, आणि जुनं मशीन त्याच्याशिवाय चालत नव्हतं. पण अभिमान गप्प बसू देईल तर ना!

"साहेब, माझं नाव द्या. तिला दुसरं वळखूच येत नाय. फक्त एका नावाचे दोघं एकदम लाइनीवर चालत नाहीत. जुनं बंद करावं लागंल."

"मग कर ना."

त्यानं स्वतःच्या हातानं जुनं मशीन बंद केलं. नव्यानं मुंबईला हाक मारली, आणि पडद्यावर उमटलं, कडुबा चालू. टाळ्या वाजल्या. मोनालीनं पेढा पुढं केला. "घ्या काका." ती त्याला काकाच म्हणायची. नाव विचारायची तिला कधी गरज पडली नव्हती.

पेढा तोंडात असतानाच त्यानं विचारलं, "साहेब, माझं ते कायमचं...?"

"अरे, तू जुन्या मशीनवर होतास ना?" साहेब हसत म्हणाले. "ते तर आत्ता तूच बंद केलंस. ठेकेदाराला भेट, तो लावेल कुठं तरी." बाकीचेही हसले. जळ्ळी मेली ती माणसं!

दुसऱ्या दिवशी त्याचा पास गेटवर चालला नाही. घरी त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं. गेटवरच्या सांडू वॉचमनला तो म्हणाला, "आत स्वेटर राह्यला रे." स्वेटरचं निमित्त होतं. जीव आशेवर होता, साहेब रात्रीतून विरघळले असतील, आवाज ऐकून आत बोलावतील. सांडूला दया आली. त्यानं कॉम्प्युटरच्या खोलीत फोन लावून रिसीव्हर कडुबाच्या हातात दिला.

"हॅलो, मी कडुबा बोलतोय."

"कडुबा?" मोनाली गोंधळली. "कडुबा चालू आहे की. एकदम व्यवस्थित चाललाय. तुम्ही मुंबईहून बोलताय का?"

"नाय नाय, मी..."

"साहेब, कडुबाबद्दल कुणीतरी विचारतंय!" तिनं तिकडंच ओरडून सांगितलं. मागून साहेबांचा आवाज आला, "सांग, काही प्रॉब्लेम नाही म्हणून."

तो सांगणार होता, अगं मी, काका. पण नेमकी त्याच वेळी तीही बोलायला लागली, आणि सवयीप्रमाणं कडुबा थांबला.