दडोरे उठणारे आणि न उठणारे

पाणी साचलं की डास होतात, आणि सरकारी माणसं एका खोलीत साचली की किस्से होतात. मी रत्नागिरीला हिवतापाच्या ऑफिसात लॅबमध्ये होतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिवसभर रक्ताच्या काचा बघायच्या, हे काम. सांगतोय ते सगळं ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतलं. बहुतेक किश्शांत मांडवकर आहेत, त्याला माझा इलाज नाही.

मांडवकर आमचे कीटक समाहारक. नाव भारदस्त, काम असं की पहाटे लोकांच्या गोठ्यात शिरायचं आणि तोंडाने ओढायच्या नळीत भिंतीवरचे डास पकडून आणायचे. पंधरा वर्षं चावून घेतल्यावर त्यांच्या कातडीने डासांची दखल घेणंच सोडलं होतं. हातावर डास बसून पोट भरून उडाला तरी साधा ठिपका उठत नसे.

*

एकदा सोलापूरकडचे नवे साहेब बदलून आले. चौथ्या दिवशी त्यांचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दडोऱ्यांनी भरले. ऑफिसात आले ते पँट वर करूनच.

"मांडवकर, तुमच्या रत्नागिरीचे डास विषारी आहेत."

मांडवकरांनी पाय नीट बघितले. म्हणाले, "साहेब, डास तेच हायत. अंग नवीन हाय."

साहेबांनी त्या दिवशी मेमो काढला नाही, पण दोन पावसाळ्यांनी पाय सपाट झाले तेव्हा मांडवकरांना बोलावून दाखवले. मांडवकर म्हणाले, "आता तुम्ही रत्नागिरीचे."

*

ताप आलेल्या प्रत्येकाचं बोट टोचून रक्त घ्यायचं, असा नियम. आमच्या आरोग्य कार्यकर्त्याबरोबर मी एकदा गेलो होतो. ओसरीवर एक म्हातारी कण्हत बसलेली. बोट पुढे करीना. शेवटी केलं, टोचून घेतलं, काचेवरचा थेंब बघितला आणि सुनेला म्हणाली, "आधी डासान नेलान, आता सरकार नेतंय. माझ्यापुरता ठेवतंय काय कोण?"

पुढल्या पंधरवड्याला गेलो तर तिने विचारलं, "त्या थेंबाचा काय केलात?"

*

एकदा साहेबांबरोबर एका घरी गेलो, तिथे तीन महिन्यांचं बाळ पाळण्यात होतं. आई कौतुकाने सांगत होती, "आमच्या अंगावर बघा किती उठलाय, पण बाळाला एक डास चावत नाय. देवाची कृपा."

मांडवकरांनी टॉर्च लावला आणि पाळण्यावरच्या कापडाच्या आतून सात डास नळीत ओढले. सगळे रक्ताने टच्च भरलेले. बाई रडायलाच लागली. मग साहेबांनी समजावलं, की डासाची लाळ अंगाला ओळखीची व्हावी लागते, तेव्हा कुठे दडोरा उठतो. बाळाच्या अंगाला अजून ओळखच नाही. पुढे ओळख होते तेव्हा खूप उठतो, आणि ओळख जुनी झाली की उठेनासा होतो. मध्ये मोठा खंड पडला की पुन्हा उठायला लागतो.

बाई डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे नातेवाईकांसारखाच."

*

एका गोष्टीवर मात्र मांडवकर हसत नसत. त्यांना एकुलती मुलगी, निर्मला. तिला डास चावला की बोराएवढा दडोरा उठायचा, मग खाज, मग काळा डाग. वीस वर्षं रत्नागिरीत राहून तिच्या अंगाची डासांशी ओळख जुनी होतच नव्हती. काहींची होत नाही. डागांवरून तिची दोन स्थळं परत गेली. 'पोरीच्या अंगावर कायतरी हाय' एवढा निरोप आला. डास पकडणाऱ्याच्या मुलीचं लग्न डासांनी अडवावं, याचं आम्हाला ऑफिसात हसू यायचं आणि मग लाज वाटायची.

तिसरं स्थळ मालगुंडचं आलं. मुलगा जहाजावर, दोन वर्षांनी घरी आलेला. या वेळी मांडवकरांनी ठरवलं की डाग डासाचेच आहेत हे पुराव्यानिशी दाखवायचं. आमच्याकडे पिंजऱ्यात अळ्यांपासून वाढवलेले, मनुकांवर पोसलेले डास असायचे. कुणालाही न चावलेले, कोरे. दिवसा चावणारी जात. मी तीन नळ्या भरल्या. दोन लागणार होत्या, पण लॅबवाल्याला एक जादा घ्यायची सवय. तोंडाला जाळीचा तुकडा बांधला आणि रविवारी ऑफिसचा माणूस म्हणून स्वतः मांडवकरांच्या घरी गेलो.

मुलाच्या आईने निर्मलाचा हात धरून विचारलंच, "हे कसले डाग?"

"डासाचे," मांडवकर म्हणाले.

"डास काय आमच्या मालगुंडात नायत?"

मांडवकरांनी एक नळी स्वतःच्या हाताला लावली, दुसरी निर्मलाच्या. पाच मिनिटांत तिच्या हातावर टपोरा दडोरा उठला. मांडवकरांचा हात कोरा. तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो.

"बापाला काय नाय, पोरीलाच उठला," आई म्हणाली. "मग दोष डासाचा कसा?"

मांडवकर आपला कोरा हात चोळायला लागले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. निर्मला मान खाली घालून हात पदराखाली घेत होती.

मुलगा पुढे झाला. त्याने माझ्यासमोरची तिसरी नळी उचलली आणि निर्मलाला विचारलं, "ही कशी धरायची?"

तिने पदराखालचा हात काढून दाखवलं.

त्याने नळी आपल्या हातावर टेकवली. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने आईने चष्मा लावला, मुलाचा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला, मग निर्मलाला बोलावून तिचा हात त्याच्याशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्ही दडोरे बघितले.

मग मांडवकरांच्या बायकोकडे वळून म्हणाली, "घरात चुना असंल तर आणा जरा. दोघांना लावायला हवा."