मी येईपर्यंत काडी लावू नका

गेली अकरा वर्षं एका माणसाने मला माझ्याच शेतातला राब वेळेवर भाजू दिला नाही.

ही तक्रार मी रीतसर लेखी करणार होतो. विषय, संदर्भ, महोदय, सगळं घालून.

आता करायची कुणाकडे?

गायकवाड सर आज सकाळी गेले. किन्हवलीत, राहत्या घरी. हार्ट.

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. भाताची रोपं जिथे वाढवायची, त्या तुकड्यावर पाला, गवत, शेण पसरून पावसाळ्याआधी पेटवतात. तो राब. तण मरतं, राखेचं खत होतं. आमच्या वैशाखरे गावात माझे वाडवडील हेच करत आले, मीही करतो. पेपरला बातम्या देणं हा जोडधंदा.

सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. रिटायर झाल्यापासून दर उन्हाळ्यात त्यांचा फोन ठरलेला.

"शास्त्रीबुवा, पानं रचली?"

"रचली."

"मी येईपर्यंत काडी लावू नका."

दुसऱ्या दिवशी एसटीने हजर. पिशवीत डबा, हातात काठी. मग रचलेला पाला एका टोकापासून हळूहळू उलटत बसायचे. दोन-दोन तास. मी काडेपेटी घेऊन बांधावर, मुंजीतल्या बटूसारखा.

"अहो सर, धूर लागला की जनावरं आपोआप पळतात."

"पळणारे पळतील. उडणारे उडतील. मी सरपटणाऱ्यांसाठी आलोय."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या हौसाबाई एकदा म्हणाल्या, "सर, घरी बाईंनी कधी झाडू दिला नाय का हातात? आमच्या पाल्यात हौस भागवता!"

सरांनी त्यांना जवळ बोलावून पाल्यातून निघालेली सापसुरळी दाखवली. लांबडं अंग, इवलेसे पाय.

"अगो बाय, हिचं पाय खुटलं!"

"खुटले नाय, हौसाबाई. पाल्यातून पोहत जायचं तर पाय आडवे येतात. म्हणून अंग लांब, पाय बारीक. सापांचे तर पार गेले. सरड्या-पालींच्या किती घराण्यांत गेलेत, प्रत्येक घराण्यात स्वतंत्रपणे."

"म्हंजी चाल बदलली का अंग बदलतं?"

"एका जन्मात नाय. पिढ्यान् पिढ्या लागतात." मग माझ्याकडे वळून, "बघा, तीस वर्षं वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नाय."

मला गप्प बसवेना. संस्कृत काढलं. छातीने जातो तो उरग, उड्या मारत जातो तो प्लवग, आकाशातून जातो तो खग. आमच्या लोकांनी प्राण्यांना चालीवरूनच नावं ठेवलीत, सर!

"नावं ठेवण्यात तुमचे लोक हुशारच," सर म्हणाले. "पण पुढचं विचारायचं राहिलं."

पुढचं त्यांनीच सांगितलं. काठीने.

मातीत दोन उंचवटे काढले, मधे एक रेघ. हे दोन डोंगर, हा ओढा.

"कावळा शहापूरला तोच, मुरबाडला तोच. पंख आहेत, कुठे पण जातो, कुठे पण संसार मांडतो. हा पाल्याखालचा जीव ओढा ओलांडत नाय. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे. लाखो वर्षांनी दोघांना समोरासमोर ठेवा, ओळख देणार नायत. ज्याला लांब जाता येत नाय ना शास्त्रीबुवा, त्याच्याच जाती जास्त फुटतात."

मग थांबून म्हणाले, "आणि संपतात पण त्याच. जगात तेवढ्या एका उतारावरच असतात."

सात वर्षांपूर्वीची गोष्ट.

सकाळीच आभाळ भरून आलं. वळवाची सर आली असती तर पाला भिजला असता, आणि भिजलेला राब पेटत नाही. सरांची एसटी लेट.

मी दहा वाजता काडी लावली.

सर अकराला पोचले. राख निवेपर्यंत बांधावर बसले आणि मग काठीने राख उलटायला लागले.

सापडला. बोटभर लांब जीव, अर्धा जळालेला. पाय तांदळाच्या कणीएवढे.

"सापसुरळीचं पिल्लू का, सर?"

"नाय. मोठं झालेलं जनावर आहे."

"मग कोण?"

"माहीत नाय."

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

त्यांनी डब्यातल्या चपात्या काढून हौसाबाईंना दिल्या आणि त्याला रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं. पुढे शहरातल्या जाणकारांना दाखवलं. ते म्हणाले, यापूर्वी पाहिलेला वाटत नाही, पण अशा जळक्या देहावरून खात्रीने काही सांगता येत नाही. असाच एक जिवंत आणा.

तेव्हापासून सर तो जिवंत एक शोधत होते. माझ्या राबात, शेजाऱ्यांच्या राबात, वरच्या जंगलात. गुडघे गेले, तरी.

सापडला नाही.

पाऊसही त्या दिवशी पडला नव्हता. हेही सरांनी मला कधी ऐकवलं नाही.

काल फोन आला होता. नेहमीचाच.

"मी येईपर्यंत काडी लावू नका."

"तुम्ही आधी वेळेवर या, सर. मग बघू."

हे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

दुपारी किन्हवलीला जाऊन आलो. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडे यायचं म्हणून कालच पिशवी भरून ठेवली होती हो." दाराच्या खुंटीला लटकत होती.

पाला रचलेला आहे. सकाळी हौसाबाई आणि मी तो उलटणार आहोत, एका टोकापासून. आज संध्याकाळी येताना त्यांनी स्वतःहून काठी आणून ठेवली आहे.

सर, नमस्कार. या वर्षी उशीर झाला तरी तक्रार नाही.

काळजी आहे ती एवढीच. त्या दिवशी मी जो जाळला, तो शेवटचाच असेल तर? सात वर्षं सरांनी हे मला बोलून दाखवलं नाही. मीही त्यांना विचारलं नाही, कारण ते खोटं बोलले नसते.