पोरगी शिकलेली दिसायला हवी

माझं लग्न ठरवायच्या वेळी घरच्यांना माझ्यात दोन दोष दिसत होते. मी उंच होते, आणि हसले की वरच्या हिरड्या दिसत. मी उलट बोलते हा तिसरा दोष होता, पण तो फोटोत येत नाही म्हणून त्याची कुणी काळजी केली नाही.

स्थळ लोंढ्याचं होतं. मुलगा रेल्वेत, इंजिनावर कोळसा टाकायच्या कामाला. त्याचे वडील वारलेले, त्यामुळे सगळे निर्णय त्याचे मामा घेत. मामांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पत्र घातलं की मुलाला सारखी रजा मिळत नाही, तेव्हा आधी मुलीचा फोटो पाठवा, पसंत पडली तर बघायला येतो. सोबत मुलाचा फोटो होता, कोट घालून ताठ उभा राहिलेला.

आमच्या निपाणीकडच्या गावात तोवर कुणा मुलीचा फोटो निघाला नव्हता. फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं, असं चुलती म्हणाली. आप्पा म्हणाले, "मग लगीन झाल्यावर त्येंच्या घरात होऊ दे की कमी."

बेळगावला आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो. आप्पा, थोरली आक्का आणि मी. निघताना आक्कानं माझ्या तोंडाला बोटभर पावडर थापली होती. संकेश्वरपर्यंत तिच्यावर रस्त्याची तांबडी धूळ बसली, आणि बेळगावात उतरले तेव्हा माझं तोंड कौलासारखं झालं होतं. फोटोवाल्यानं मला बघितलं आणि नळाकडे बोट दाखवलं.

त्याचं दुकान कॅम्पात होतं. गिऱ्हाईक बहुतेक शिपाई, नाहीतर चर्चमध्ये लग्न लागलेली जोडपी. मागच्या पडद्यावर एक जिना आणि एक तळं रंगवलेलं होतं. जिना सरळ तळ्यात उतरत होता.

"हिला बसवा," आप्पा म्हणाले. "उंची दिसाय नको. आन् ए, हसू नगंस. आन् फोटोवाले, पोरगी शिकलेली दिसाय पायजे बगा."

मी तिसरीपर्यंत शिकलेली. फोटोवाल्यानं फळीवरून सोनेरी कडांचं एक जाड काळं पुस्तक काढलं आणि मला छातीशी धरायला लावलं. मग त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. डोकं आत गेलं तसा त्याचा मागचा भाग वर आला आणि आक्का फिसकन हसली. मी ओठ दातांखाली धरून बसले. त्या फोटोत मी फार सोशिक दिसते, असं पुढं पुष्कळ जणांनी म्हटलं.

आठवड्यानं टपालानं तीन प्रती आल्या. फोटोवाल्यानं माझा रंगही उजळून दिला होता. आई बघून म्हणाली, "ही आमची न्हवं." आप्पांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याच दिवशी एक प्रत लोंढ्याला धाडली.

मामांचं उत्तर आलं ते असं: "मुलगी नाकीडोळी बरी आहे. परंतु तिच्या हातातील पुस्तकावर क्रूस आहे. आपण बाटलेले आहात काय? असल्यास आधी कळवावयास हवे होते."

आम्ही उरलेल्या प्रती उजेडात नेल्या. होता की क्रूस, चांगला बोटाएवढा. घरातल्या सात माणसांनी फोटो बघितला होता, पण सगळ्यांनी माझं तोंडच बघितलेलं.

"तुला दिसला न्हाय व्हय?" आप्पा ओरडले.

"मला पुस्तकाची मागली बाजू दिसत हुती," मी म्हणाले. "म्होरं तुमी बसला हुतासा."

आप्पा एक प्रत घेऊन तसेच बेळगावला गेले. फोटोवाला शांतपणे म्हणाला, "कॅम्पात आजवर कुणी तक्रार केली नाही." मग त्यानं बारीक कुंचला घेतला, क्रुसाच्या चार टोकांना चार शेपट्या जोडल्या आणि फोटो परत दिला. "घ्या. झालं स्वस्तिक."

तो फोटो लोंढ्याला गेला. आता मामांकडे एकच मुलगी दोन धर्मांत झाली. आठ दिवसांत ते भाच्याला घेऊन स्वतःच आले.

मामा आधी देवघरात जाऊन उभे राहिले. कुलदैवत विचारलं. जोतिबाचा टाक उचलून उलटा करून बघितला. मी पोहे घेऊन बाहेर आले तर म्हणाले, "ते पुस्तक जरा बघू."

आप्पांनी घाम पुसला. "ते शाळंत परत दिलं."

मला ते सोसवेना. आप्पांना खोटं बोलता येत नसे, आणि ते दर वेळी बोलून बघत.

"ते फोटोवाल्याचं हुतं," मी म्हणाले. "आदी त्येच्यावर क्रूसच हुता, शेपट्या मागनं काडल्यात. मला इंग्रजी येत न्हाय. आन् मी फोटोएवढी गोरीबी न्हाय, ते दिसतंयच."

आप्पांनी डोळे मिटले. आक्का आत पळाली. तेवढ्यात मुलगा एकदम हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, कोळशाचा असावा.

"मामा, माजा फोटो तरी कुटं खरा हाय?" तो म्हणाला. "कोट स्टेशनमास्तरचा, आन् बूट दोन्ही येगयेगळे, म्हणून गुडघ्यापतोरच काडलाय."

मी हसले. हिरड्यांसकट हसले. उभी असल्यानं उंचीही दिसत होती. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि मला फार हलकं वाटलं.

"पोरगी तोंडाळ हाय," मामा म्हणाले.

"इंजिनावर मोट्यानं बोलणाऱ्याचंच ऐकू येतंय," मुलगा म्हणाला, आणि त्यानं पोह्याची बशी उचलली.

माघात लग्न झालं. मामा रुसले आणि वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. लोंढ्यातलं ते पहिलं वर्ष फार सुखात गेलं.