चाचाचा खुराक

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली दस्तगीरनं बापाच्या हाताखाली लग्नाच्या स्वयंपाकाची पहिली डेग घासली. पुढं त्याचंच नाव झालं. मुरुडपासून औशापर्यंत लग्न ठरलं की माणसं आधी दस्तगीरला गाठायची, मग मांडववाल्याला. पंगतीतून कुणी अर्धपोटी उठताना दिसला, तर तो त्याला दंडाला धरून परत बसवायचा. त्याच्या हातचं खाऊन कुणी उपाशी गेलं नाही, ही त्याची मिरवायची गोष्ट होती.

मग दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्यात लग्नं पुढं गेली, नाहीतर घरच्या घरी उरकली. डेगा पालथ्या पडल्या आणि दस्तगीर दिवसभर ओट्यावर बसून राहू लागला.

त्याची लेक वहिदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. परदेशी निघालेल्या मैत्रिणीनं तिला आपला पाळीव सरडा दिला होता, बिअर्डेड ड्रॅगन. हातभर लांब, मातकट, गळ्याखाली काटेरी दाढी. काचेच्या पेटीत दिव्याखाली डोळे मिटून बसायचा. दाढीवरून दस्तगीर त्याला चाचा म्हणू लागला.

वहिदाला प्रशिक्षणासाठी महिनाभर नांदेडला जावं लागलं. जाताना तिनं बापाला कोंड्यात वाढवलेल्या अळ्यांचा डबा दाखवला. शेवग्याचा पाला रोज द्यायचा, पण अळ्या आठवड्यातून दोनदाच, आणि मोजक्याच. पिलाला रोज लागतात. हा पुरता वाढलेला आहे, याला बाधतात. दस्तगीरनं मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी तो पेटीजवळ गेला, तर चाचा काचेला नाक लावून त्याच्याकडंच बघत होता. दारात आलेल्याला पाला दाखवून बसवायचं, ही कुठली रीत? त्यानं मूठभर अळ्या टाकल्या. चाचानं चटाचटा जीभ मारून सगळ्या संपवल्या. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्या हातचं असं चवीनं खात होतं. मग ते रोजचंच झालं. पुढं तर सकाळ-संध्याकाळ.

वहिदा फोनवर विचारायची, "अब्बा, अळ्या जास्त देत नाही ना?"

"न्हाई गं, तू सांगितल्यापरमाणंच," तो म्हणायचा, आणि विषय पाण्याच्या टँकरवर न्यायचा.

ती परत आली तेव्हा चाचाचं पोट टम्म फुगलं होतं आणि मागचे पाय फरफटत होते. तसाच कपड्यात गुंडाळून दोघांनी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. दस्तगीर काही बोलायच्या आत वहिदाच म्हणाली, "खाणं बरोबर आहे. अब्बांनी अगदी मी सांगितलं तसंच दिलंय."

तिचा तो भरवसा ऐकून दस्तगीरची मान खाली गेली. डॉक्टर म्हणाले, खाणं बरोबर असेल तर हाडांचंच दुखणं दिसतंय, सुई सुरू करू. त्यांनी सिरिंज उचलली.

"थांबा साहेब," दस्तगीर म्हणाला. "मी रोज घातलं. दोन-दोन टायमाला. लेकीला खोटं सांगितलं."

डॉक्टरांनी सिरिंज ठेवून दिली आणि चाचाचं पोट हलक्या हातानं चाचपलं. आत मळ घट्ट बसला होता, त्याचा दाब पाठीच्या कण्यावर येत होता. खाणं बंद, कोमट पाण्यात बसवायचं आणि पोट चोळायचं. वहिदा बापाकडं बघत नव्हती. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

टंचाईच्या त्या दिवसांत दस्तगीरनं आपल्या अंघोळीचं पाणी चाचासाठी ठेवलं. स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायचा आणि घमेल्यातल्या पाण्यात चाचाला धरून पोट चोळत बसायचा. हळूहळू पोट उतरलं. चाचा चालू लागला, पण मागचा एक पाय ओढतच राहिला. तो पेटीत फिरताना दिसला की दस्तगीर उठून बाहेर जायचा.

पुढं वहिदाला परत नांदेडला जायचं झालं, तेव्हा तिनं चाचाला शेजारच्या कमलम्माकडं ठेवायचं ठरवलं. का, ते बापाला सांगितलं नाही. पेटी मात्र त्यानंच उचलून नेली.

कमलम्मा चाचाला बघून हसली. म्हणाली, दस्तगीरभाई, खाऊ घालण्यात तुमचा हात कोण धरणार? तुम्ही असताना माझ्याकडं कशाला आणलं?

दस्तगीर दाराशीच थांबला. "मीच याला नको तितकं चारून लंगडा केला, बाई," तो म्हणाला. "हा काचेला नाक लावून तुमच्याकडं बघंल. बघू द्या. तुम्ही वहिदाचंच ऐका."