डेल झुपानची लांब शेपटी

क्लीव्हलंडच्या आमच्या रंगाच्या प्रयोगशाळेत डेल झुपान एकतीस वर्षं काजळी घोटत होता. काजळीचं पाण्याशी पटत नाही. गोळे होतात, तळाशी गाळ बसतो. म्हणून त्यात पॉलिमर घालायचं. त्याचं एक टोक कणाला घट्ट धरतं आणि शेपटी पाण्यात पसरते. मग कण एकमेकांना चिकटत नाहीत.

"भांडकुदळ नातेवाईक गं, शालन," डेल मला सांगायचा. "प्रत्येकाच्या हाती उघडी छत्री द्यायची. येतात कसे जवळ!"

शेपटी आणखी लांब हवी, हा त्याचा हट्ट. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर होल्कमनी शेवटी तसं पॉलिमर करून दिलं. कॉलेज न केलेल्या माणसाचं ऐकणं त्यांना जडच गेलं असावं.

"चार आठवडे बरणी गरम कपाटात. हलवायची नाही. गाळ दिसला तर हा विषय कायमचा बंद," त्या म्हणाल्या.

चार आठवडे भरले तो डेलचा निवृत्तीचा दिवस. डॉक्टर यायच्या होत्या. डेलनं बरणी काढली आणि माझ्याशी बोलता बोलता खळाखळा हलवली! रंगवाल्याच्या हाताला खोडच ती. डेल तर जेवताना दुधाचा डबासुद्धा हलवतो.

त्याचा चेहरा पडला. "पाहिलंस?"

"पाहिलं."

"आता गाळ असला तरी दिसायचा नाही. पास होईल की गं!"

मी मनात देवाचं नाव घेतलं.

डॉक्टर आल्या. झाकण उघडून खूश झाल्या. "वा, डेल! अगदी एकसारखं!"

"डॉक्टर, मी हलवली."

"काय?"

"बरणी. आत्ताच. ह्याच हातांनी."

"अहो, म्हणजे पुन्हा चार आठवडे! आणि तुमची निवृत्ती?"

"थांबेल. फक्त मिट्झीला तुम्ही सांगा. तिनं फ्लोरिडाच्या बॅगा भरल्यात."

"मी? तुमच्या बायकोला? छे!"

शेवटी त्यानंच फोन केला. पलीकडचा आवाज आम्हाला खोलीभर ऐकू आला, "त्या बरणीलाच घेऊन जा फ्लोरिडाला!"

दुसऱ्या खेपेला डेल दोन्ही हात खिशात घालून भिंतीला टेकून उभा राहिला. बरणी मी काढली, झाकण मी उघडलं. डॉक्टरांनी सुरी तळापर्यंत घातली आणि सगळीकडे फिरवली. सुरीला कुठेच गाळ लागला नाही.

"पास," डॉक्टर म्हणाल्या. "शेपटी तुमचीच बरोबर होती. काढा आता हात बाहेर."

"आधी झाकण लावा," डेल म्हणाला.