पेरूची राजधानी

माझा मोठा भाऊ दहावीनंतर शिकला नाही. वडील अचानक गेले आणि अमरावतीच्या बाजारातलं आमचं फुलांचं दुकान त्याच्यावर आलं. मी मात्र शिकले, अकोल्याच्या एका शाळेत शिक्षिका झाले.

फुलं बांधायच्या रद्दीतून तो सामान्य ज्ञानाची शब्दकोडी बाजूला काढून ठेवायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की ती सोडवायला बसायचा. अडलं, की मला फोन.

"बाई, पेरूची राजधानी. दोन अक्षरी."

"लिमा."

"हा देश आहे काय? मी म्हणलं, आपलंच मार्केट असन!"

पुढे पुढे नद्यांचे उगम, देशांची चलनं त्याला तोंडपाठ झाली. शाळेतल्या प्रश्नमंजूषेसाठी मीच त्याला प्रश्न विचारू लागले. "मॅडमलेच येत नाही का?" म्हणून तो खूश व्हायचा.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला तो अकोल्याला आला. आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "आपण काय करता?" त्याने दुकानाचं सांगितलं आणि जरा ताठ होऊन म्हणाला, "अन् आमी दोघं भाऊ-बहीण रोज कोडं सोडवतो."

सहकारी ऐकत होते. मला कोण जाणे कसली लाज वाटली. मी हसून म्हणाले, "दुकानात बसून त्याचा वेळ जात नाही ना, मग मी आपली हो ला हो करते."

सगळे हसले. तोही हसला. जेवला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेला.

त्यानंतर कोड्याचा फोन आला नाही. लग्नाच्या गडबडीत ते माझ्या लक्षातही आलं नाही. पुढे एकदा विचारलं, तर म्हणाला, "डोळे दुखून राह्यले आता." मी ते खरं मानलं. तेच सोयीचं होतं.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी दर रविवारी अमरावतीला जायचे, खाटेशी बसून त्याला कोडं वाचून दाखवायचे.

"तापीचा उगम, चार अक्षरी."

त्याचे ओठ हलायचे. उत्तर त्याला येत होतं, डोळ्यांत दिसायचं. मी "मुलताई" म्हटलं, की मान हलवायचा.

एका रविवारी मी पेपर खाली ठेवला. "भाऊ, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुले हसली. माझं चुकलं."

 त्याने डावा हात उचलून पेपरवर ठेवला. पुढचं विचार म्हणत होता, की तो विषय नको म्हणत होता, मला कळलं नाही. मी पुढचा प्रश्न वाचला.

दिवाळीच्या आधी तो गेला. तेरवीला मी वहिनीला सहज म्हणाले, "भाऊचे डोळे फार दुखत होते ना?"

"डोळ्याले काय झालं होतं त्याईच्या? आजारी पडेपर्यंत रोज कोडं सोडवत. अडलं का मी म्हणो, ताईले लावा फोन. तं म्हणत, तिले कामं असते, तिचा वेळ कावून घालवू?"

साखरपुड्यातलं वहिनीला काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. बाहेर पंगत बसली होती. मी भाताचं पातेलं घेऊन वाढायला गेले.