मुंडावळ्यांची मागची बाजू

आमच्या घरात माझ्या कामाला ‘व्यवसाय’ म्हणणारी मी एकटीच. नवरा त्याला ‘चिकटकाम’ म्हणतो, शेजारीण ‘टाइमपास’ म्हणते आणि सासूबाई काहीच म्हणत नाहीत, फक्त वरणाच्या वाटीतून सोनेरी मणी काढून ताटाच्या कडेला ठेवतात. मी घरी लग्नाच्या वस्तू बनवते: मुंडावळ्या, अंतरपाट, सजवलेले नारळ, सप्तपदीच्या सुपाऱ्या. रोह्यातल्या आमच्या घरात जेवणाचं टेबल हाच माझा कारखाना, त्यामुळे धंदा सुरू झाल्यापासून आम्ही जमिनीवर बसून जेवतो. नवरा एकदा गालावर चंदेरी टिकली घेऊन कंपनीत गेला आणि अख्ख्या शिफ्टमध्ये कुणी त्याला ते सांगितलं नाही. घरी येऊन तो मला सांगत होता की आज का कोण जाणे, सगळे फार हसून बोलत होते. मी टिकली हळूच काढून घेतली. ती मोजून आणलेल्यांपैकी होती.

माझा आत्मविश्वास मात्र दांडगा, कारण माझं माहेर पेणचं. वडिलांचा गणपतींचा कारखाना होता आणि मुकुटावर, सोंडेवर, बाजूबंदावर खडे चिकटवतच मी मोठी झाले. पेणच्या मुलीला सजावट काय शिकवायची, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. त्यांनी विचारलेलं नसलं तरीही. सामान अजूनही पेणहूनच आणते. तिथला दुकानदार खडे तोलता तोलता सवयीने विचारतो, “मूर्ती किती फुटाची?” मीही सवयीने सांगून टाकते. केलेल्या मुंडावळ्यांचे फोटो काढायला घरात कुणी तयार नसायचं, म्हणून मी त्या कुकरला बांधायचे. फोटो छान यायचे. एका बाईंनी शिट्टीसकट तसाच सेट मिळेल का म्हणून विचारलं, तेव्हा मी ते कौतुक समजले.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगते. ती नवऱ्यापेक्षा लहान, माझ्याच वयाची, आणि आमच्याकडेच राहायची. नागोठण्याला औषधाच्या दुकानात नोकरीला होती. तिच्या लग्नाचं वय सासऱ्यांच्या आजारपणात गेलं, मग आलेली स्थळं या ना त्या कारणाने फिसकटली, आणि पुढेपुढे लोकांनी विचारायचंच सोडलं. एक काम मात्र सगळे तिलाच सांगायचे. नात्यात कुणाचंही लग्न असलं की करवली तीच. करवली म्हणजे हातात करा घेऊन नवरीच्या मागे उभी राहणारी बहीण. करा म्हणजे आंब्याची डहाळी आणि नारळ ठेवलेला पाण्याचा तांब्या. त्यातल्या पाण्याचं बोट करवलीने मधून मधून नवरीच्या डोळ्यांना लावायचं. मला बहीण नाही, म्हणून माझ्या लग्नातही माझ्यामागे तीच होती. मी एकदाही वळून पाहिलं नसेल.

मग कोलाडला हायवेवर खानावळ चालवणारा एक माणूस आईची औषधं घ्यायला तिच्या दुकानात येऊ लागला. बायको जाऊन काही वर्षं झालेली. आईची औषधं संपली तरी तो येतच राहिला, आणि एक दिवस नणंदेने जेवताना खाली मान घालून आम्हाला सांगितलं की तिचं ठरलंय. सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. मला तर इतका आनंद झाला की मी लगेच मुंडावळ्यांच्या डिझाइनबद्दल बोलायला लागले.

तिला काहीच नको होतं. कचेरीत जाऊन सह्या करायच्या, एकेक हार घालायचा आणि जेवायचं. या वयात कपाळाला मुंडावळ्या बांधून बसले तर लोक जेवण सोडून मलाच बघतील, असं ती म्हणाली. मी गप्प बसले, पण दोन-चार दिवसांनी चहा घेऊन खोलीत गेले तर ती आरशासमोर उभी. माझ्या टेबलावरची मोत्यांची सर तिने दोन्ही हातांनी कपाळावर धरली होती आणि मान जराशी तिरकी करून पाहत होती. मी पाऊल न वाजवता परत आले. तिला नवरी व्हायचं होतं आणि लोकांच्या हसण्याची भीती वाटत होती, एवढंच होतं ते. दुसऱ्या कुणी हे ओळखून शहाणपणाने वागलं असतं. मी पेणची गाडी पकडली.

निघताना सासूबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्या धंद्याच्या बाजूने बोलल्या. “व्हय, बांध तिला. लगीन हाय माझ्या पोरीचं, नुसती सही नाय.” मला तेवढंच हवं होतं. दुकानदाराने विचारलं, मूर्ती किती फुटाची. मी म्हटलं, पाच फूट दोन इंच, कोलाडला जायचीय. त्याने शांतपणे मोठे खडे काढले.

पुढचा आठवडा मी जेवणखाण विसरून राबले. मधोमध चांदवा, त्याला खड्यांची महिरप, दोन्ही बाजूंना तीनपदरी सर, खाली झुमके. पेणजवळच्या जितेहून माझी मावशी आली होती, ती पाहून म्हणाली की हे बघून रिद्धी-सिद्धी रुसतील. त्यातली खोच मला पुढे कळली, तेव्हा मात्र मी फुलून गेले होते. रविवारी नणंदेला खुर्चीत बसवलं आणि ते प्रकरण तिच्या कपाळाला लावलं. तिने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“वयनी, हे बांधून मला लग्नाला न्यायचाय की इसर्जनाला?”

नवऱ्याला हसताना ठसका लागला. मी म्हटलं, जरा बांधून तर बघू, मग बोल. आणि बांधायला गेले तर दोऱ्या मागे पोचेनात. तिचा खोपा मधे येत होता. मी आयुष्यभर ज्या कपाळांची मापं घेतली त्यांना केस नव्हते, मुकुट होते, आणि ते मुकुटही मागून सपाट. तिने मुंडावळ्या काढून उलट्या केल्या. मागे गोंदाचे गोळे, सुटलेले दोरे, कापडाचे कच्चे काठ. आमच्या कारखान्यात मूर्तीच्या पाठीला रंगाचा एक हात दिला की झालं, कारण पाठ मखराकडे असते. पाठ कुणी बघत नाही, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की बघणारीच समोर बसलीय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

“मी सगळ्यांची लग्नं हिकडनंच बघितली,” ती गोंदावर बोट फिरवत म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण उत्साहही नव्हता. मग तिने मुंडावळ्या टेबलावर ठेवल्या. “ऱ्हाऊ दे गो. सह्याच बऱ्या.”

ती उठून आत गेली आणि मला अगदी रडू आलं. हसतील म्हणून ती घाबरत होती, आणि घरातली पहिली हसण्यासारखी गोष्ट मीच करून ठेवली होती. नवऱ्याने त्या मुंडावळ्या उचलून पाहिल्या आणि समजूत घालायला म्हणाला की माघी गणपतीला उपयोगी पडतील. त्याला त्या दिवशी मी भाजी वाढली नाही.

दुसऱ्या खेपेला मी पेणला गेले नाही. घरातलेच बारीक पांढरे मोती घेतले, मऊ रेशमी दोऱ्यात ओवले, एकही खडा लावला नाही. आतून सुती पट्टी शिवली, मागच्या दोऱ्या लांब ठेवल्या. कुकरची चाचणी आता चालणार नव्हती, म्हणून मी त्या स्वतःच्याच कपाळाला बांधल्या आणि दिवसभर घरकाम केलं. भाकऱ्या थापल्या, केर काढला, वाकून बादल्या उचलल्या. सिलिंडरवाला आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि अभिनंदन केलं. नवऱ्याने आभार मानले. संध्याकाळपर्यंत मोती कुठे टोचले नाहीत की गाठ सरकली नाही, तेव्हा मी त्या काढून नणंदेच्या उशीजवळ ठेवल्या आणि एक शब्दही बोलले नाही. माझ्या आयुष्यात हे फार थोड्या वेळा घडलंय.

सकाळी ती त्या हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली. उलट्या धरलेल्या. “बांधीन,” ती म्हणाली. “पण माझ्यामागं हुभं कोन ऱ्हाणार?” लहान बहिणी, चुलत, मावस, सगळ्या कधीच लग्न होऊन गेल्या होत्या, त्यातल्या बहुतेकींच्या मागे हीच उभी होती. मी म्हटलं, मी राहते. करवली कुमारिका हवी असते, पण सासूबाईंनी तांब्या घासायला घेतला आणि तो विषय संपला.

लग्न कोलाडला, खानावळीच्या मागच्या हॉलमध्ये झालं. अंतरपाटही माझाच होता, पण मला तो दिसलाच नाही. करवलीला काहीच दिसत नाही. समोर नवरीचा खोपा, त्याच्यापलीकडे लोकांची डोकी. करा दोन्ही हातांत धरून खांदे भरून आले, आणि फोटोवाला दोनदा म्हणाला, काकी, जरा बाजूला व्हा. माझ्या लग्नात फोटोवाल्याने हिला काय म्हटलं असेल कोण जाणे. कुणी तिला हसलं नाही. सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि ती ताठ उभी होती.

मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, “करवली, डोळ्यांना पाणी लावा.”

नवरी गर्रकन मागे वळली आणि तिने करा घ्यायला माझ्यापुढे हात केला. सवयच ती. कपाळाला मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा, आणि हात पुढे. नवरदेव हार धरून तसाच थांबला.

“ताई, आज नाय,” मी म्हटलं. “आज मी लावते.”

तिचा हात हळूहळू खाली गेला. मी बोट पाण्यात बुडवून तिच्या एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्याला. इतक्या लग्नांत इतक्या जणींच्या डोळ्यांना तिने पाणी लावलं होतं, आणि तिच्या डोळ्यांना ते पहिल्यांदाच लागत होतं. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत, आणि गुरुजींनीही घाई केली नाही.